मैल्याची खतावणी

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला व्यापारी पेठांतून वह्यांची पूजा होते. इंदूरच्या सियागंजातही ती होते. रेल्वे स्टेशनालगतची ही किराण्याची ठोक पेठ म्हणजे माळव्यातल्या घराघरांची कोठी. हळद, मिरची, धने, जिरे, साखर, डाळी, सुका मेवा असा सारा माल इथे पोत्यांनी येतो आणि पोत्यांनीच जातो. आवक लिहिली जाते, जावक लिहिली जाते. रोजमेळातली रक्कम खतावणीत चढते. एका पैशाचा फरक राहिला तरी मुनिमाला चैन पडत नाही. एवढ्या चोख हिशेबाच्या पेठेत एक नोंद मात्र कोणत्याही वहीत कधी चढलेली नाही. पोत्यांतून जे धान्य शहराच्या पोटात गेले, त्याचे पुढे काय झाले?

डाळीतला नत्र आणि धान्यातला स्फुरद खाल्ल्याने संपत नाही. शरीर तो काही काळ वापरते आणि परत करते. मग तो मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून कान्ह नदीत जातो. जुने इंदूरकर हिला खान नदी म्हणत. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी तिच्याकडे पाहणाऱ्याला नाक मुरडावेसे वाटे; पण हिशेबी नजरेने पाहिले तर त्या काळ्या पाण्यातून वाहत होती ती माळव्याच्या शेतांची कमाई. पुढे उज्जैनजवळ ती क्षिप्रेत जाते. २०१६ च्या सिंहस्थाच्या वेळी कान्हचे पाणी क्षिप्रेत मिसळू नये म्हणून जलवाहिनी टाकून ते बाजूला वळवावे लागले. घाण दूर नेली, पण तिच्यातले धन काही कोणाच्या पदरात पडले नाही.

या न लिहिलेल्या नोंदीला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली दोन महत्त्वाची पाने इंदुरातच लिहिली गेली आहेत. आज सांडपाण्यात सूक्ष्म शेवाळ वाढवून त्यापासून इंधन काढण्याची भाषा जगभर ऐकू येते. तिच्यातले खरे किती आणि पोकळ किती, हे समजण्यासाठी ती जुनी पाने आधी उघडली पाहिजेत.

पहिले पान पॅट्रिक गेडिस यांचे. हे स्कॉटिश विद्वान मुळात जीवशास्त्रज्ञ. पुढे नगररचनेकडे वळले. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने त्यांना बोलावले आणि १९१८ मध्ये त्यांचा इंदूरच्या नगररचनेवरचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. प्लेगाने शहर हैराण झालेले होते. गेडिसांच्या चरित्रकारांनी सांगितलेली त्या वास्तव्यातली हकीकत मोठी मनोज्ञ आहे. त्यांनी दरबाराकडे एक दिवसाचे महाराजपद मागून घेतले आणि जाहीर केले की, यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्यांनी जाणार नाही. ज्या आळीतली घरे जास्तीत जास्त स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील, त्या आळीतून ती जाईल. मग काय, शहरभर कुंचे आणि झाडू फिरले. गाड्याच्या गाड्या भरून केरकचरा आणि उंदीर बाहेर गेले. मिरवणुकीत प्लेगाच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती, घाणीचा राक्षस होता, आणि त्यांच्याबरोबर पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घालून शहराचे सफाई कामगार मानाने चालत होते.

या मिरवणुकीमागे एक विचार होता. त्या काळी शहरसुधारणा म्हणजे भुयारी गटारांचे मोठे जाळे, असे अभियंते मानत. गेडिसांचा त्याला आक्षेप होता. गटार घाण दृष्टीआड करते, पण तिचे मोल बुडवते आणि वर खर्चाचा डोंगर उभा करते, असे त्यांचे म्हणणे. मैला आणि सांडपाणी बागांकडे वळवावे, म्हणजे शहर स्वच्छही होईल आणि हिरवेही, ही त्यांची मांडणी होती. वाढत्या शहराला गटारांवाचून चालले नाही हे खरे. पण पाण्याबरोबर आपण काय वाहून घालवतो, हा त्यांचा प्रश्न मात्र तसाच उभा राहिला.

त्या प्रश्नाला पहिले शास्त्रीय उत्तर सहा-सात वर्षांतच, त्याच शहरात मिळू लागले. अल्बर्ट हॉवर्ड बिहारातल्या पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेतून १९२४ मध्ये इंदुरास आले. होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. कापूस हा तिचा मुख्य विषय; पण जगाला ती माहीत झाली खतामुळे. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा, हवा खेळावी म्हणून ढीग ठरावीक अंतराने उलथायचा. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार. हीच ती ‘इंदूर पद्धत’. १९३१ मध्ये तिच्यावरचे पुस्तक निघाले. त्यावर दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड.

सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून हॉवर्ड जगभर वंदिले जातात. वाड यांचे नाव मराठी घरांतूनही क्वचितच निघते. ते या संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक होते. ढिगात कर्ब किती, नत्र किती, दोहोंचे प्रमाण बिघडले तर नत्र हवेत कसा उडून जातो, आणि योग्य राखले तर हवेतूनही थोडा कसा जोडला जातो, हा हिशेब म्हणजे या पद्धतीचा कणा, आणि तो रसायनाच्या प्रयोगशाळेतला आहे. हॉवर्ड १९३१ मध्ये मायदेशी परतल्यावर काम थांबले नाही. एफ. के. जॅक्सन आणि वाड यांनी हीच पद्धत माणसांच्या वस्तीतल्या मैल्याला लावली. इंदूर रेसिडेन्सी, इंदूर शहर आणि माळवा भिल्ल पलटणीची छावणी अशा तीन ठिकाणी प्रयोग झाले आणि १९३४ मध्ये त्यांचा वृत्तान्त ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये आला. शहराचा केर आणि मैला एकत्र कुजवला तर ढिगाच्या उष्णतेने रोगजंतू आणि माश्यांच्या अळ्या मरतात आणि शेतकऱ्याला खत मिळते, असा तो निष्कर्ष होता. न लिहिलेली नोंद प्रथमच कोणीतरी वहीत चढवली होती.

पण यात इंधन कुठे आहे? त्यासाठी मुंबईला जावे लागते. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात, म्हणजे आजच्या अ‍ॅकवर्थ रुग्णालयात, १८९७ मध्ये मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करण्याची सोय झाली आणि १९०७ मध्ये त्या वायूवर इंजिनही चालले. समाजाने ज्यांना दूर लोटले, त्यांच्या वस्तीत देशातला हा प्रयोग झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे १९५० च्या दशकात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाला जोडलेल्या वायुसंयंत्रावर काम केले. देहूचे डॉ. शरद मापुस्कर यांनी तो धागा उचलून ‘मलप्रभा’ संयंत्र घडवले. १९६० मध्ये देहूच्या आरोग्यकेंद्रात आलेल्या या डॉक्टरांनी अख्खे आयुष्य या एका कामाला दिले. त्यांच्या निधनानंतर, २०१७ मध्ये, पद्मश्री देऊन सरकारने त्यांचा गौरव केला.

खत झाले, वायू झाला. तरी एक अडचण उरतेच. ढीग आणि टाकी यांना घट्ट मैला लागतो. शहराच्या गटारात असते पाणी. हजार लिटर सांडपाण्यात घन असा ऐवज किलोभरसुद्धा धड नसतो. नत्र आणि स्फुरद तर त्यात विरघळलेलेच असतात. साखर चहात पडल्यावर चमच्याने काढता येत नाही, तसेच हे. पाण्यात विरघळलेले धन वेचून काढील असा मजूर हवा, आणि तो मजूर म्हणजे शेवाळ.

आपल्याकडे शेवाळ, इंदुरात काई, कानडीत पाची. नाव कोणतेही असो, विहिरीच्या पायरीवर पाय घसरवणाऱ्या या हिरव्या चिकट्याबद्दल कुठल्याच भाषेत कौतुक नाही. त्यातली सूक्ष्म जात तर नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. पाणी हिरवे दिसते एवढेच. कौतुक केले ते वनस्पतिशास्त्रज्ञांनी. एन. डी. कामत यांनी कोल्हापूर परिसरातल्या शेवाळांची नोंद करून १९६३ मध्ये ती प्रसिद्ध केली, म्हणजे आपल्या सीमाभागाच्या उंबरठ्यावरच हे दप्तर तयार झाले आहे.

सांडपाण्यात या शेवाळाचे काम कसे चालते ते पाहू. घाण खातात ते जिवाणू. खाताना त्यांना प्राणवायू लागतो आणि ते कर्बवायू व अमोनिया बाहेर टाकतात. शेवाळाला नेमके हेच दोन पदार्थ हवे असतात. सूर्यप्रकाशात त्यांच्यावर ते वाढते आणि प्राणवायू सोडते, जो पुन्हा जिवाणूंच्या कामी येतो. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांची चूल पेटती ठेवावी तसा हा व्यवहार. उथळ तळ्यात सांडपाणी साठवले आणि ऊन मिळाले की तो आपोआप सुरू होतो. कॅलिफोर्नियात बर्कले येथे विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात त्याला शिस्त लावली. फूट-सव्वा फूट खोलीचा, शर्यतीच्या मैदानासारखा वळसे घेणारा कालवा आणि पाणी संथ हलते ठेवणारे फिरते पाते, अशी त्यांची रचना. १९६० मध्ये ऑस्वाल्ड आणि गोल्यूक यांनी पुढची पायरी सुचवली: हे शेवाळ काढून टाकीत कुजवावे आणि त्याच्या वायूवर वीज करावी. सांडपाण्यावरच्या शेवाळातून इंधन ही कल्पना अशी सहा दशकांहून जुनी आहे.

भारतात या तळ्यांचा अभ्यास झाला तो नागपुरास. तिथे १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून आपण तिला ‘नीरी’ म्हणून ओळखतो. सोली आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय उन्हात, भारतीय सांडपाण्यात अशी तळी किती मोठी असावीत, किती दिवस पाणी थांबवावे, याचा अभ्यास करून १९७० मध्ये एक पुस्तकच सिद्ध केले. पैसा थोडा आणि ऊन मुबलक असलेल्या गावांसाठी ती सर्वांत स्वस्त सोय होती.

मग ही विद्या मागे का पडली? एक कारण जमिनीची किंमत. दुसरे कारण अधिक खोल आहे: शेवाळाकडून आपण मागितले काय, त्यात ते सापडते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने शेवाळाकडे तेलासाठी पाहायला सुरुवात केली. १९७८ ते १९९६ या काळात तिथल्या सरकारने सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून तीन हजारांवर वाण गोळा केले, न्यू मेक्सिकोत मोठी तळी चालवली. १९९८ चा समारोपाचा अहवाल सांगतो की तेल निघते, पण खनिज तेलाच्या स्पर्धेत टिकत नाही. पुढे एक्झॉनमोबिल या बलाढ्य कंपनीने २००९ मध्ये पुन्हा हाच डाव मांडला आणि २०२३ च्या सुमारास तो आवरला.

यात फसवणूक कोणाची नव्हती. अडचण शेवाळाच्या स्वभावात आहे. नत्र भरपूर मिळाला की ते भराभर वाढते, पण अंगी तेल धरत नाही. नत्राची उपासमार केली की तेल साठवते, पण वाढ खुंटते. सांडपाणी तर नत्राने भरलेले. म्हणजे जे पाणी शुद्ध करायचे त्यात शेवाळ खूप येणार, पण तेलाने रोड असणार. शिवाय हजार लिटर हिरव्या पाण्यातून कोरडे शेवाळ हाती येते साधारण २०० ते ५०० ग्रॅम. ते गाळायचे, वाळवायचे, मग तेल काढायचे, यातच मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा खर्ची पडतो. त्यामुळे ज्यांनी तेलाचा हट्ट सोडून ओल्या शेवाळाचा वायू केला, त्यांचे थोडे तरी जमले. स्पेनमधल्या चिक्लाना गावी २०११ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात सांडपाण्यावरच्या शेवाळाच्या वायूवर मोटारी चालवून दाखवल्या गेल्या. पण तिथेही पहिले काम पाणी शुद्ध करण्याचे होते, वायू मागाहून.

आता पुन्हा इंदुराकडे येऊ. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हे शहर नर्मदेचे पाणी पिते. मंडलेश्वराजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून ते आणावे लागते. म्हणजे सियागंजातल्या नळाचे पाणी विजेच्या खांद्यावर बसून येते. वापरून झाले की ते कबीटखेडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे जाते. तिथल्या मोठ्या केंद्राची क्षमता दिवसाला २४.५ कोटी लिटर आहे, आणि तिथे जिवाणूंना लागणारा प्राणवायू यंत्राने फुंकावा लागतो. पुन्हा वीज! २०२१ मध्ये इंदूर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओल्या कचऱ्यापासून वायू करणारे संयंत्र तिथे सुरू झाले: दिवसाला ५५० टन कचरा, त्यातून सुमारे १७,००० किलो वायू आणि १०० टन खत, अशी त्याची योजना. हॉवर्ड-वाडांच्या गावाला शोभेसेच हे काम आहे.

हेच शहर आपल्या सांडपाण्यावर शेवाळ वाढवू लागले तर? कागदावर ढोबळ हिशेब मांडून पाहू. २४.५ कोटी लिटर पाणी पाच दिवस फूटभर खोलीच्या तळ्यात थांबवायचे तर ४०० हेक्टर, म्हणजे हजार एकर जागा लागेल. होळकरांनी हॉवर्डांना दिलेल्या जमिनीच्या तिप्पट. चौरस मीटरमागे रोज १५ ग्रॅम शेवाळ धरले तर दिवसाला साठ टन कोरडा ऐवज, आणि तो कुजवून फार तर दहा टन मिथेन. त्यावर चाळीस-पन्नास हजार युनिट वीज होईल. दुसऱ्या बाजूला, यंत्राने प्राणवायू पुरवायला हजार लिटरमागे अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज धरली, तर तेवढ्याच पाण्याला दिवसाला लाखाहून अधिक युनिटे जळतात. ही वीज शेवाळ जवळजवळ फुकट वाचवते; पाते फिरवण्यापुरतीच थोडी लागते. म्हणजे शेवाळातून काढलेल्या इंधनाच्या दुपटीहून अधिक इंधन हे न जाळलेले इंधन असते. शिवाय साधारण सांडपाण्यात लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास नत्र धरला, तर या पाण्यात रोज जवळजवळ दहा टन नत्र असतो. त्याचा निम्मा भाग जरी शेवाळाने धरला आणि वायू काढून उरलेल्या गाळातून तो शेतात परत गेला, तरी ती नोंद कोणाही मुनिमाने लाल शाईने अधोरेखित करावी अशी आहे.

हजार एकर जागा इंदूरला आता मिळणार नाही. पण निपाणी, बिदर, चिकोडी, सोलापूरच्या आसपासची छोटी गावे यांचे तसे नाही. तिथे ऊन आहे, गावाबाहेर पडीक जमीन आहे, आणि विजेचे बिल भरता न आल्याने बंद पडणारी शुद्धीकरण यंत्रे पुष्कळांनी पाहिली आहेत. दोन अटी मात्र पाळाव्या लागतील. पहिली, कारखान्यांचे पाणी या तळ्यात येऊ देता कामा नये. त्यातले जड धातू शेवाळ शोषून घेते आणि मग गाळ शेताच्या उपयोगाचा राहत नाही. दुसरी, तळ्यातले शेवाळ वेळेवर काढले पाहिजे. पुष्कळ जुनी तळी इथेच फसली. शेवाळ वाढले, पण कोणी काढले नाही; ते पाण्याबरोबर नदीत गेले, तिथे मेले, कुजले आणि नदीचाच प्राणवायू खाऊन बसले. पीक उभे राहून कापणीच झाली नाही, तर शेत असून नसल्यासारखे.

कापणीला माणसे लागतात. त्यांना बूट, हातमोजे, वेळेवर पगार आणि मान लागतो. गेडिसांनी दिवाळीच्या मिरवणुकीत सफाई कामगारांना पांढरे कपडे आणि हार घातले, ते केवळ शोभेसाठी नव्हे. घाणीतले धन वेचणारा माणूस शहराच्या व्यवहाराचा भागीदार आहे, हे त्यांना चारचौघांत दाखवायचे होते. ती मिरवणूक एका दिवसाची होती, आणि महाराजपदही एका दिवसाचेच.

यापुढे एखाद्या नगरपालिकेच्या सभेत ‘सांडपाण्यातून इंधन’ असा ठराव आला, तर सभासदांनी तीन आकडे मागावेत. विजेचे बिल किती कमी होईल, शेतात किती खत परत जाईल, आणि मग, शेवटी, वायू किती निघेल. क्रम हाच ठेवावा. वायूचा आकडा सर्वांत वर लिहिलेला कागद समोर आला, तर तो अमेरिकेने आणि एक्झॉनमोबिलने एकदा भरपूर पैसे मोजून वाचलेला आहे, एवढे आठवावे आणि कागद दुरुस्तीसाठी परत पाठवावा.